दुहेरीत तीनशेव्या नंबरवरचं टेनिस करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनिस म्हटलं की लोकांना चार ग्रँड स्लॅम आठवतात आणि त्यातले दहा-बारा चेहरे. दुहेरीचं नाव काढलं तर पेस-भूपती, ब्रायन बंधू, बोपण्णा, बस. पण त्यांच्या खाली दोनशे, तीनशे, पाचशे नंबरवर शेकडो जण दर आठवड्याला कुठेतरी दुहेरी खेळत असतात आणि त्यांचं नक्की काय चाललेलं असतं याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. उदाहरणं जास्त करून पुरुषांच्या सर्किटची आहेत. महिलांकडे स्पर्धांची नावं आणि आकडे वेगळे, दुखणी तीच.

तीनशेवा नंबर म्हणजे चांगला की वाईट?

खेळ म्हणून बघाल तर अफाट चांगला. तुमच्या क्लबमधला सगळ्यात भारी प्लेयर या माणसाच्या सर्व्हिसवर एका सेटमध्ये चार पॉइंट काढले तरी पार्टी देईल. पण नोकरी म्हणून बघाल तर हा नंबर फार अवघड जागी आहे. मोठ्या स्पर्धांत एंट्री मिळत नाही, छोट्या स्पर्धांत पैसे नाहीत, आणि मधल्या ज्या स्पर्धा आहेत त्यात आत जायचं की बाहेर राहायचं हे दर आठवड्याला दोन-चार नंबरांवर ठरतं. या सगळ्या पानाचा सारांश विचाराल तर एवढाच, की या लेव्हलला रँकिंग हे गुणपत्रक कमी आणि प्रवेशपत्र जास्त असतं. कोण किती चांगला खेळतो हे नंतर, आधी ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या लढतींच्या यादीत, नाव लागलं पाहिजे.

स्पर्धांच्या पायऱ्या कशा आहेत?

सगळ्यात खाली आयटीएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं, वर्ल्ड टेनिस टूर. पुरुषांसाठी एम १५ आणि एम २५, महिलांसाठी डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५ असं वर चढत डब्ल्यू १०० पर्यंत. जुने लोक पुरुषांच्या या स्पर्धांना अजून फ्युचर्सच म्हणतात. त्याच्या वर चॅलेंजर, त्यात ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ अशा कॅटेगरी, आणि तो आकडा म्हणजेच जिंकणाऱ्याला मिळणारे पॉइंट. त्याच्या वर एटीपीच्या, म्हणजे पुरुष टेनिसच्या व्यावसायिक संघटनेच्या, २५०, ५००, १००० अशा स्पर्धा, आणि सगळ्यात वर स्लॅम जिथे जिंकलं की २०००. पॉइंट एकेरी जिंकणाऱ्याला जेवढे तेवढेच दुहेरी जिंकणाऱ्याला, फक्त दोन्हीची रँकिंग वेगवेगळी. पैशाच्या बाबतीत मात्र अशी समानता शोधू नका, खाली येतंच ते.

सुरुवात करायला आयपिन लागतो, म्हणजे आयटीएफचा खेळाडू नंबर. तो ऑनलाइन काढता येतो, त्यात काही विशेष नाही. विशेष पुढे आहे.

एंट्री कशी ठरते?

हे नीट समजून घ्या, कारण या माणसांचं अर्धं आयुष्य यात जातं.

दुहेरीत एंट्री जोडीला मिळते. दोघांच्या रँकिंगची बेरीज करतात आणि कमी बेरीजवाल्या जोड्या आत. चॅलेंजरचा ड्रॉ साधारण १६ जोड्यांचा, त्यातही वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजक रँकिंग न बघता देतात त्या, जागा वेगळ्या काढलेल्या. समजा तुमचा नंबर ३१० आणि जोडीदाराचा २५०, म्हणजे बेरीज ५६०. त्या आठवड्याचा कट, म्हणजे आत गेलेल्या शेवटच्या जोडीची बेरीज, ५२० ला लागला तर तुम्ही बाहेर. आता गंमत अशी की एंट्रीसाठी प्रत्येकाला आपलं एकेरीचं किंवा दुहेरीचं, जे चांगलं असेल ते रँकिंग वापरता येतं. म्हणजे तुमचा जोडीदार दुहेरीत ६०० वर असला पण एकेरीत १८० वर असला तर तो १८० धरतात, बेरीज ४९० आणि तुम्ही आत! सीडिंग, म्हणजे वरच्या जोड्या सुरुवातीलाच एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून दिलेलं मानांकन, मात्र दुहेरीच्याच रँकिंगवर लागतं, त्यामुळे अशी जोडी एंट्रीत आत असते पण सीड नसते आणि पहिल्याच फेरीत टॉप सीड समोर येऊ शकतात.

याचा परिणाम काय होतो? फक्त दुहेरी खेळणाऱ्या माणसाला एकेरीत बऱ्या नंबरवर असलेला जोडीदार सोन्यासारखा वाटतो, आणि त्या एकेरीवाल्याला दुहेरी म्हणजे एकेरीतून हरल्यावर आठवडा वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय. दोघांची गरज एक नाही. इथूनच सगळे वाद सुरू होतात.

आणि हो, आगाऊ एंट्रीत नाव नाही लागलं तर जागेवर जाऊन साइन-इन करता येतं, किंवा अल्टरनेट, म्हणजे राखीव जोडी, म्हणून थांबता येतं. म्हणजे विमानाचं तिकीट काढायचं, हॉटेल करायचं, आणि मग कोणाच्या तरी पोटऱ्या धरल्या किंवा कोणी तरी एकेरीत पुढे गेल्यामुळे दुहेरीतून नाव काढलं तर आपला नंबर लागेल म्हणून बॅग घेऊन बसायचं. नाही लागला तर पुढच्या गावी. असे आठवडे रँकिंगच्या पानावर कुठेच दिसत नाहीत.

जोडीदार कसा मिळतो? एजंट वगैरे असतो का?

एजंट नाही, मोबाइल. "पुढच्या आठवड्यात कोणाबरोबर आहेस?" हा या सर्किटवरचा सगळ्यात जास्त पाठवला जाणारा मेसेज असावा. मेसेज पाठवताना आधी रँकिंग बघायचं, मग तो डाव्या बाजूने रिटर्न करतो की उजव्या, मग तो त्या आठवड्यात नक्की कुठे जाणार आहे, आणि सगळ्यात शेवटी स्वभाव. खरं तर उलटं असायला पाहिजे.

उत्तर येण्याच्याही तऱ्हा आहेत. "बघून सांगतो" याचा अर्थ तो अजून कोणा चांगल्या नंबरवाल्याच्या उत्तराची वाट बघतोय. मग एंट्रीची डेडलाइन यायला दोन तास राहिले की अचानक "चल, खेळूया" येतं, म्हणजे तिकडून नकार आला. यात कोणी राग मानत नाही, कारण उद्या आपणही तेच करणार असतो. पण दुसऱ्याला शब्द देऊन डेडलाइनच्या दिवशी फिरणाऱ्याचं नाव मात्र पसरतं, आणि सर्किट इतकं लहान आहे की ते नाव पुसायला वर्ष जातं.

माझं मत विचाराल तर या लेव्हलला फोरहँडपेक्षा "याच्याबरोबर आठवडा काढायला त्रास नाही" ही ओळख जास्त कमावून देते. टायब्रेकमध्ये डबल फॉल्ट झाल्यावर जोडीदाराकडे वळून न बघणारा माणूस, पराभवानंतर जेवायला एकत्र येणारा, हॉटेलची खोली शेअर करताना रात्री दोनला व्हिडिओ कॉल न करणारा. हसू नका, यावरून जोड्या तुटल्या आहेत.

जोड्या इतक्या पटापट का बदलतात?

कारण रँकिंग प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ५२ आठवड्यांनी पॉइंट गळतात. दोघांनी एकत्र एक चॅलेंजर जिंकलं तरी त्याआधीचे एकाचे चांगले रिझल्ट गळायला आले असतील आणि दुसऱ्याचे नसतील, तर सहा महिन्यांनी एक जण १६० वर आणि दुसरा २४० वर. मग १६० वाल्याला वाटतं आता मी १२० वाल्याबरोबर खेळलो तर एटीपी २५० मध्ये घुसता येईल. चुकीचं काय आहे त्यात? पण २४० वाल्याला ते मेसेजवर कळतं, आणि तेही कधी कधी एंट्री लिस्ट बघून.

अगदी वरच्या पातळीवरही हे घडतं. २०१२ च्या विम्बल्डनला जोनाथन मरे आणि फ्रेडरिक निल्सन वाइल्ड कार्डवर आले, सेमीफायनलला ब्रायन बंधूंना हरवलं आणि थेट विजेतेपद घेऊन गेले. आता कोणालाही वाटेल की झालं, दहा वर्षांची जोडी पक्की. निल्सनला मात्र एकेरीच खेळायची होती. वर्षाअखेरच्या फायनल्सला ते पुन्हा एकत्र आले, पण मरेला बाकीच्या वेळी दुसरे जोडीदार शोधत बसावं लागलं. विम्बल्डन जिंकलेल्या माणसाची ही गत, तर तीनशेव्या नंबरवाल्याचं काय घेऊन बसलात.

पैसे किती मिळतात?

खरं उत्तर ऐकायचं असेल तर बसून ऐका. एम १५ म्हणजे संपूर्ण स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर, एकेरी-दुहेरी, सगळ्या फेऱ्या मिळून. त्यातलं दुहेरीच्या वाट्याला थोडंसंच येतं. विजेत्या जोडीला, जोडीला बरं का, हजार डॉलरच्या आत. ते दोघांत वाटायचे, त्यावर जिथे खेळलात त्या देशाचा कर आधीच कापलेला. अमेरिकेत परदेशी खेळाडूचा हा कर साधारण ३० टक्के. म्हणजे आठवडाभर एकही मॅच न हरता, कप हातात घेऊन फोटो काढून माणूस घरी येतो तो विमानाचं भाडंही न सुटता.

चॅलेंजरला आकडे सुधारतात, पण पहिल्या फेरीत हरलात तर रडगाणं तेच. खरी उडी स्लॅमला. २०२३ च्या विम्बल्डनचं उदाहरण घ्या, एकेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ५५,००० पौंड आणि दुहेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला १३,७५०. म्हणजे माणशी सात हजारांच्या खाली. एकेरीवाल्याच्या तुलनेत किती ते तुम्हीच बघा, पण चॅलेंजरवर फिरणाऱ्याला ही रक्कम म्हणजे पुढच्या कित्येक आठवड्यांची तिकिटं. म्हणून सगळ्यांचा जीव स्लॅमच्या कटमध्ये अडकलेला असतो. ड्रॉ ६४ जोड्यांचा आहे पण एकेरीचे प्लेयरही आपलं रँकिंग घेऊन त्यात येतात, त्यामुळे फक्त दुहेरीच्या जोरावर आत जायचं तर दोघंही साधारण पहिल्या ७०-८० मध्ये असलेले बरे.

आणि खर्च?

आयटीएफने २०१३ च्या आकड्यांवर एक अभ्यास केला होता, त्यात असं निघालं की कोचचा खर्च न धरताही पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर, आणि बक्षिसातून हा खर्च भागायला एकेरीत पुरुषांना ३३६ वा आणि महिलांना २५३ वा नंबर लागतो. लक्षात घ्या हे एकेरीचं. दुहेरीत तीच रेषा खूप वर सरकते कारण बक्षीसच कमी. आकडे जुने झाले, तिकिटं त्यानंतर स्वस्त झाल्याचं कोणी ऐकलं असेल तर मला सांगा.

तिकिटांपेक्षाही तारखा बदलायचा खर्च जास्त लागतो. टेनिसपटू परतीचं तिकीट कधीचं काढणार? हरलात तर मंगळवारी मोकळे, जिंकलात तर शनिवारपर्यंत अडकलात. स्वस्त तिकीट काढलं की बदलता येत नाही, बदलता येणारं काढलं की महाग. बाकी हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, फिजिओ. तारांचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. एका मॅचला दोन-तीन रॅकेट ताज्या तारा लावून ठेवाव्या लागतात, आणि स्ट्रिंगिंगचे पैसे प्रत्येक रॅकेटमागे. त्यामुळे बरेच जण स्वतःचं छोटं मशीन बरोबर घेऊन फिरतात आणि रात्री हॉटेलच्या खोलीत, एका बाजूला मॅच लावून, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या रॅकेटला तारा लावत बसलेले असतात. काही जण इतरांच्याही लावून देतात, चार पैसे सुटतात.

राहण्याची सोय स्पर्धेकडून आहे की नाही, असेल तर दुहेरीवाल्यांना किती रात्री, हे प्रत्येक स्पर्धेच्या फॅक्ट शीटमध्ये दिलेलं असतं. अनुभवी लोक ती फॅक्ट शीट कोर्टचा प्रकार बघायच्या आधी हॉटेलसाठी वाचतात.

मग ही माणसं जगतात कशावर?

घरच्यांवर, फेडरेशनच्या मदतीवर, स्पॉन्सर असलाच तर त्याच्यावर, आणि मधल्या वेळात कोचिंगवर. युरोपात क्लबांच्या लीग असतात, त्यात जर्मनीची बुंडेसलीगा सगळ्यांना माहीत आहे, पण खालच्या डिव्हिजनमध्येही क्लब पैसे देऊन बाहेरचे खेळाडू घेतात. अशा लढतीत एकेरीबरोबर दुहेरीच्याही मॅचेस असतात, त्यामुळे चांगला दुहेरीवाला क्लबला हवाच असतो. एका वीकेंडला क्लबकडून मिळणारी रक्कम फ्युचर्सच्या विजेतेपदापेक्षा जास्त असू शकते. मग लोक म्हणतात की अमुक अमुक उन्हाळ्यात दोन महिने टूरवर दिसलाच नाही, अहो तो कमवत होता.

एटीपीने २०२४ पासून किमान कमाईची हमी देणारी बेसलाइन नावाची योजना आणली, पण ती एकेरीच्या पहिल्या २५० जणांसाठी. दुहेरीत शंभरावा असलात तरी ती तुमच्यासाठी नाही. यावर दुहेरीवाल्यांचं काय म्हणणं असेल ते वेगळं सांगायला नको.

एकेरी जमलं नाही की लोक दुहेरीत जातात, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. युकी भांब्री २०१८ मध्ये एकेरीत ८३ पर्यंत गेला होता, गुडघ्याने घात केला, मग दुहेरीत आला आणि २०२५ च्या यूएस ओपनला मायकेल व्हीनसबरोबर सेमीफायनल खेळला. पुढे बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला मॅथ्यू एब्डन एकेरीत ३९ वा होता. म्हणजे "जमलं नाही" असं म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतोय ते बघावं.

पण एक दुसरी जातही आहे, जे कॉलेज टेनिसमधून येतात. अमेरिकन कॉलेजच्या टीम मॅचेसमध्ये दुहेरीचा पॉइंट आधी खेळला जातो, त्यामुळे तिथली मुलं नेटजवळचं टेनिस, सिग्नल, फॉर्मेशन सगळं शिकूनच बाहेर पडतात. एकेरीतून उशिरा आलेल्याला हे हळूहळू कळतं. बेसलाइनवरून तो कितीही जोरात मारू दे, नेटवरचा माणूस बॉल मारायच्या क्षणी कुठे सरकतो हे वाचायला त्याला वेळ लागतो.

कोर्टवर एकेरीपेक्षा काय वेगळं चालतं?

सगळंच. सर्व्हिस किती जोरात यापेक्षा पहिली सर्व्हिस किती वेळा आत आणि शरीराच्या कोणत्या बाजूला, याला किंमत. सर्व्हिसच्या आधी नेटवरचा जोडीदार पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करतो, सर्व्हिस कुठे टाक आणि मी सरकणार की थांबणार. आय फॉर्मेशनमध्ये तो मधल्या रेषेवर जवळजवळ बसलेलाच असतो आणि बॉल पडला की एका बाजूला उसळतो. रिटर्न करणाऱ्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की सरळ रेषेत मारू, पायाशी टाकू की डोक्यावरून लॉब.

आणि मग स्कोअरिंग. स्लॅम सोडले तर टूरवर, चॅलेंजरला, आयटीएफला सगळीकडे नो-ॲड. म्हणजे ४०-४० झालं की एकच पॉइंट, जिंकेल त्याचा गेम. कोणत्या बाजूने रिटर्न करायचा ते रिटर्नवाली जोडी ठरवते. आणि एक-एक सेट झाला की तिसरा सेट नाहीच, थेट १० पॉइंटचा सुपर टायब्रेक. एटीपीने हे २००६ च्या सुमारास आणलं, मॅच किती वेळ चालेल याचा अंदाज यावा म्हणून. टीव्हीवाल्यांसाठी आणि वेळापत्रकासाठी ठीक आहे, पण तीनशेव्या नंबरवाल्याचा हिशोब करा. पूर्ण वर्षाचं रँकिंग अशा आठ-दहा सुपर टायब्रेकवर टांगलेलं, आणि त्यातला प्रत्येक टायब्रेक नेटच्या वरच्या पट्टीला लागून पलीकडे पडलेल्या एखाद्या बॉलवर फिरलेला. सलग तीन आठवडे ८-१०, ९-११, ८-१० असं हरलेला माणूस खेळ बिघडला म्हणून कोचला फोन करतो आणि खरं तर खेळात काहीच बिघडलेलं नसतं. हे स्वतःला पटवून देणं हेच मला या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

स्पर्धेचा आठवडा कसा असतो?

बराचसा वाट बघण्यात. खालच्या स्पर्धांत एकेरीला प्राधान्य, दुहेरी त्याच्या मागून. ऑर्डर ऑफ प्ले मध्ये लिहिलेलं असतं चौथी मॅच, आधीच्या तीन मॅच केव्हा संपणार देवाला माहीत. त्यात जोडीदार एकेरी खेळत असेल तर त्याची मॅच संपून त्याला विश्रांती मिळेपर्यंत थांबा. तीन तास उन्हात खेळून, पायाला बर्फ लावून, केळं खात तो कोर्टवर येतो आणि म्हणतो, "आज सर्व्हिसचं काही खरं नाही रे, तू नेटवर सांभाळ."

पाऊस आला तर विचारूच नका. दोन दिवसांचं टेनिस एका दिवसात कोंबतात, दुहेरी शेवटच्या कोर्टवर लाइटखाली, बघायला दोन माणसं आणि त्यातला एक पुढच्या मॅचचा अल्टरनेट. आणि सगळ्यात जीव जाळणारा प्रकार म्हणजे दुहेरीच्या सेमीफायनलला पोहोचल्यावर जोडीदार एकेरीच्या फायनलला जातो आणि अंग जड झालं म्हणून दुहेरी सोडून देतो. त्याच्या जागी कोणीही असतं तर तेच केलं असतं. तुमचे पॉइंट मात्र गेले.

कोच असतो का बरोबर?

तीनशेव्या नंबरवर कायमचा कोच फारच थोड्यांना परवडतो. दोन जोड्या मिळून एक कोच ठेवतात, किंवा मोठ्या चार-पाच आठवड्यांपुरता बोलावतात. बाकी वेळ जोडीदारच कोच.

एकेरीचे स्टार दुहेरीत उतरले तर यांचं नुकसान होतं का?

जागा मोजक्या, त्यामुळे एक मोठं नाव आत आलं की खालून एक जोडी बाहेर. पण दुसरी बाजूही आहे, स्टार आले की स्टेडियम भरतं. किरियोस आणि कोकिनाकिस यांनी २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपन वाइल्ड कार्डवर जिंकली तेव्हा दुहेरीला अशी गर्दी झाली की विचारता सोय नाही.

२०२५ च्या यूएस ओपनने मिश्र दुहेरीत तर पूर्ण खेळच बदलला. १६ जोड्या, मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात, फायनल सोडून सेट चार गेमचे, विजेत्यांना दहा लाख डॉलर, आणि जोड्या बहुतेक एकेरीच्या स्टार्सच्या. दुहेरीचे स्पेशालिस्ट जवळजवळ सगळे बाहेर. जिंकलं कोण? एरानी आणि वावासोरी, आधीच्या वर्षीचे विजेते आणि त्या ड्रॉमधली खरीखुरी दुहेरीची जोडी, फायनलला श्वियाँतेक-रूड यांना हरवून. त्या रात्री जगभरातल्या छोट्या हॉटेलांच्या खोल्यांत किती दुहेरीवाले एकटेच टाळ्या वाजवत असतील!

किती वयापर्यंत खेळता येतं?

एकेरीपेक्षा बरंच जास्त. अर्धं कोर्ट सांभाळायचं, रॅली छोट्या, आणि अनुभवाला किंमत. जाँ-ज्युलियन रोयेर २०२२ ला चाळिशीत फ्रेंच ओपन जिंकला. बोपण्णा २०२४ ला ४३ व्या वर्षी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून पहिल्यांदाच एक नंबर झाला. महिलांमध्ये शे सू-वेईने त्याच ऑस्ट्रेलियन ओपनला ३८ व्या वर्षी महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी दोन्ही घेतल्या.

पण या उदाहरणांचा एक तोटा आहे. तीनशेव्या नंबरवरचा ३३ वर्षांचा माणूस बोपण्णाचं नाव घेऊन अजून दहा वर्षं काढायचं ठरवतो. बोपण्णा ३३ व्या वर्षीसुद्धा जगातल्या सगळ्यात चांगल्या दुहेरीवाल्यांमध्ये होता हे तो सोयीस्कर विसरतो.

दुखापत झाली तर?

सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर प्रोटेक्टेड रँकिंगसाठी अर्ज करता येतो, म्हणजे परत आल्यावर काही स्पर्धांत जुन्या नंबरवर एंट्री. सीडिंगला ते चालत नाही. आणि चार महिन्यांची दुखापत असेल तर काहीच नाही, पॉइंट गळताना बघत बसायचं, आणि जोडीदार तोपर्यंत दुसऱ्याबरोबर सेट झालेला असतो.

खालच्या स्पर्धांत फिक्सिंग चालतं म्हणतात?

झालंय, आणि सगळ्यांना माहीत आहे. २०१८ ला टेनिसच्या स्वतंत्र समितीचा रिपोर्ट आला, त्यात खालच्या लेव्हलच्या स्पर्धांवर लागणारा सट्टा आणि त्या स्पर्धांचा लाइव्ह स्कोअर डेटा विकला जाणं यावर स्पष्ट बोट ठेवलं होतं. जिथे जिंकून पाचशे डॉलर मिळत नाहीत तिथे एक गेम सोडायला कोणी काही हजार देऊ केले तर काय होणार, हे कळायला रिपोर्टची गरज नव्हती म्हणा. आता आयटीआयए ही संस्था हे बघते. खेळाडूंना ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं, कोणी संपर्क केला तर कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा, आणि शिक्षा आजीवन बंदीपर्यंत जाते.

याची दुसरी बाजू म्हणजे शिव्या. सुपर टायब्रेक हरल्यावर फोन उघडला की सट्ट्यात पैसे गेलेल्या अनोळखी लोकांचे मेसेज, आई-बहिणीपासून जिवे मारण्यापर्यंत. बरेच जण मॅचनंतर काही तास सोशल मीडिया उघडतच नाहीत.

खालून वर खरंच कोणी जातं का?

जातात. हेन्री पॅटन कॉलेज टेनिस खेळलेला, आणि विद्यार्थी असताना त्याने विम्बल्डनलाच कोर्टच्या बाजूला बसून मॅचचे आकडे नोंदवायचं काम केलंय. हॅरी हेलिओवारा तर मध्ये काही वर्षं टेनिस सोडूनच गेला होता. हे दोघं २०२४ ला एकत्र आले आणि त्याच वर्षी विम्बल्डन जिंकले, फायनलला तीन मॅच पॉइंट वाचवून, तिन्ही सेट टायब्रेकला. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनही.

मला यातली वाचवलेल्या मॅच पॉइंटपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची वाटते. दोघंही योग्य नंबरवर, योग्य महिन्यात, दोघांनाही फक्त दुहेरीच खेळायची असताना भेटले. यांच्याइतकेच चांगले दोन जण एकमेकांना कधी न भेटता वेगवेगळ्या खंडांत चॅलेंजर खेळत असतील, शक्य आहे.

थांबायचं कधी, हे कसं कळतं?

बहुतेकांना पैसे संपल्यावर कळतं. ज्यांना आधी कळतं ते एक साधी गोष्ट करतात, वर्षाच्या सुरुवातीला एक रक्कम आणि एक नंबर ठरवतात. या पैशात डिसेंबरपर्यंत पहिल्या दीडशेत आलो नाही तर कोचिंग. आणि तो डिसेंबर आल्यावर "अजून एक स्विंग (सलग काही आठवड्यांचा दौरा) करू" म्हणत नाहीत. म्हणणारेच जास्त असतात. थांबलेल्यांपैकी बरेच जण चांगले कोच होतात, कारण या लेव्हलला जोडीदार सांभाळत फिरलेल्या माणसाला समोरच्याचं डोकं वाचायची सवय झालेली असते.

मुलाला किंवा मुलीला दुहेरीच आवडते, लहानपणापासून तेवढंच करू का?

नको. एकेरी खेळू द्या. एकेरीचं रँकिंग दुहेरीच्या एंट्रीला कसं उपयोगी पडतं ते वर वाचलंत, आणि सर्व्हिस-रिटर्न एकेरीतच पक्के होतात. दुहेरी जोडीला भरपूर खेळू द्या, वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, त्यातल्या एखाद्या न आवडणाऱ्याबरोबरही.

या मॅचेस बघायला कुठे मिळतात?

चॅलेंजरच्या बऱ्याच मॅचेस एटीपीच्या साइटवर फुकट लाइव्ह असतात, एका कॅमेऱ्यावर. आयटीएफच्याही काही दिसतात. तुमच्या जवळपास एखादी स्पर्धा असेल तर सरळ जा, या लेव्हलला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, आणि मागच्या कोर्टवर नेटच्या रेषेत खुर्ची टाकून बसलात तर सर्व्हिसआधीची बोटांची खूण तुम्हालाही दिसते. फक्त ती मोठ्याने बोलून दाखवू नका, अंपायर हाकलतो.